नवीन घरी जाताना हातात काय न्यायचं? (घरात मावेल आणि खिशाला झेपेल असं)

आमच्या ग्रुपमध्ये गेल्या वर्षभरात पाच जणांनी घरं बदलली. एकीने विक्रोळीहून थेट बदलापूरला स्वतःचं घर घेतलं, दोघं भाड्याच्या घरातून दुसऱ्या भाड्याच्या घरात गेले, एकाची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली म्हणून तो तात्पुरता शेजारच्याच गल्लीत, आणि एक जण वरळीच्या बीडीडी चाळीतल्या 160 चौरस फुटांतून टॉवरमधल्या 500 चौरस फुटांत. पाचही वेळा व्हॉट्सअॅपवर तोच प्रश्न, अरे काय द्यायचं, आणि पाचही वेळा कोणीतरी लिहिलंच की घड्याळ देऊया का.

मी घड्याळाच्या विरोधात आहे हे आधीच सांगून टाकते. लेमन सेटच्या, सहा कपबशांच्या, काचेच्या फ्लॉवरपॉटच्या आणि "किती गोंडस" म्हणून घेतलेल्या गणपतीच्याही. बाप्पाशी माझं काही वाकडं नाही, पण वास्तुशांतीला नऊ गणपती आले की त्यातले आठ शोकेसच्या मागच्या रांगेत जातात आणि विसर्जनही करता येत नाही, मग माणूस अपराधी चेहऱ्याने त्यांची धूळ पुसत बसतो.

मुंबईत महाग काय तर जागा. आपण 500 रुपयांची वस्तू देतो आणि ती ज्या कोपऱ्यात बसते त्या कोपऱ्याचा हप्ता समोरचा माणूस वीस वर्षं भरत असतो. म्हणून माझ्या हिशोबाने संपणारी वस्तू सगळ्यात चांगली. संपणारी नसेल तर रोज हाताला लागणारी. बाकी सगळं माळ्यावर जातं, आणि आता नवीन फ्लॅटमध्ये माळेही नसतात.

हे शहाणपण फुकट आलेलं नाही. काही वर्षांपूर्वी एका मैत्रिणीला मी चांगली दोन बाय तीन फुटांची वारली पेंटिंगची फ्रेम दिली होती, दादरहून घेतली, संध्याकाळच्या लोकलमध्ये लेडीज डब्यात ती छातीशी धरून उभी राहिले, बायकांच्या शिव्या खाल्ल्या. घर तिचं भाड्याचं. मालकाने भिंतीला एकही खिळा मारायचा नाही असं बजावलेलं. ती फ्रेम 11 महिने कपाटाच्या मागे उभी होती, अॅग्रीमेंट संपल्यावर टेम्पोत बसून पुढच्या घरी गेली आणि तिथेही कपाटाच्या मागेच उभी राहिली. मैत्रीण बिचारी मी गेले की ती बाहेर काढून सोफ्यावर ठेवायची. एकदा मी न सांगता गेले तेव्हा कळलं.

तर पहिलं काम, विचारा. सरप्राइज वगैरे वाढदिवसाला. घर स्वतःचं का भाड्याचं, भिंतीला ड्रिल चालतं का, घरात म्हातारं माणूस किंवा लहान मूल कोण आहे, खाण्यात काय चालत नाही, एवढं तरी माहीत पाहिजे. जैन मैत्रिणीच्या घरी लसणाची चटणी घेऊन जाणारे लोक मी पाहिलेत. "तुला काय हवंय" असं विचारलं तर सगळे "अगं काही नको, तू ये फक्त" म्हणतात, त्यामुळे तसं विचारायचंच नाही. शिफ्टिंगनंतर दोन-तीन दिवसांनी फोन करायचा आणि विचारायचं की काल रात्री काय सापडत नव्हतं? मग बघा कशी यादी येते. कात्री. टेस्टर. दाराला लावायचा स्टॉपर. बाथरूममध्ये टॉवेल टांगायला हुक. चहाची गाळणी, जी दर शिफ्टिंगला हरवते, का ते देवाला माहीत.

पहिल्या आठवड्याची बादली

मी हल्ली सगळ्यात जास्त वेळा देते ती बादली. हसू नका. एक चांगली झाकणाची बादली घ्यायची आणि त्यात पहिल्या आठवड्यात लागणाऱ्या वस्तू भरायच्या. मुंबईत पालिकेचं पाणी ठरलेल्या वेळेला येतं, बऱ्याच ठिकाणी दिवसातून काही तासच, आणि टाकी असली तरी नवीन घरी पहिल्या दिवशी सोसायटीचं पाणी कधी सुटतं हे कोणालाच ठाऊक नसतं. त्यामुळे बादली वाया जात नाही, पुढे पोछ्याला लागते, पावसाळ्यात गळतीखाली लागते.

आत काय, तर एक स्क्रू ड्रायव्हर (टेस्टरवाला असेल तर एकात दोन कामं), नळाचे दोन-तीन वायसर, टेफ्लॉन टेपचं एक रीळ, नायलॉनची दोरी, कपड्यांचे चिमटे, सुतळी, कात्री, सेलोटेप, काडेपेटी, डांबरगोळ्या, भांडी घासायचा साबण आणि तारेची घासणी, एक-दोन पायपुसणी. पायपुसणं घेताना कापडाच्या चिंध्यांचं विणलेलं घ्या, पाणी तेच पितं, त्या रबराच्या चकचकीत मॅटवरून सगळे घसरतात. हे हार्डवेअरच्या दुकानातून घेतलं तर गल्लीतल्या दुकानातही स्वस्तात होतं, आणि दक्षिण मुंबईत कामाला असाल तर इलेक्ट्रिकच्या सामानासाठी लोहार चाळीत एक चक्कर मारा, होल्डर, पिना, बोर्ड, बल्ब, सगळं तिथे एका गल्लीत मिळतं आणि भाव करायला मजा येते.

एक्स्टेंशन बोर्ड द्यायचा असेल तर जरा बघून द्या. स्वस्तातला दीडशेचा बोर्ड घेऊन त्यावर लोक मिक्सर, इस्त्री आणि मायक्रोवेव्ह एकत्र चालवतात, आणि जुन्या बिल्डिंगची वायरिंग कशी असते ते आपल्याला माहीत आहे. आयएसआयचा शिक्का असलेला, प्रत्येक पिनेला वेगळं बटण असलेला घ्या, थोडे पैसे जास्त गेले तर जाऊ द्या, किंवा दोघांत मिळून द्या. आणि देताना सांगा की याच्यावर गीझर आणि इस्त्री नाही, त्याला 16 अॅम्पियरचा पॉइंट.

चार्ज होणारा इमर्जन्सी बल्ब हीपण छान गोष्ट आहे. आपल्याला माज असतो ना की मुंबईत लाइट जात नाही, तो 12 ऑक्टोबर 2020 ला उतरला, सकाळी लाइट गेली आणि लोकलसुद्धा जागच्या जागी उभ्या राहिल्या. पण एवढं मोठं काही व्हायची गरज नाही, नवीन घरात कुठला स्विच कशाचा हे कळेपर्यंत एमसीबी दोनदा तरी पडतोच.

चिकटवायचे हुक देताना एक टीप. ते टाइल्सवर, काचेवर, लॅमिनेटवर धरतात. रंगाच्या भिंतीवर, त्यात पावसाळ्यात ओल आलेल्या भिंतीवर लावले तर रात्री दोन वाजता रंगाच्या पापुद्र्यासकट खाली येतात आणि सगळं घर उठतं. जागा पुसून कोरडी करायची, हुक लावून दिवसभर तसाच ठेवायचा, मग वजन टांगायचं. हे चिठ्ठीवर लिहून पाकिटाला चिकटवा, मी लिहिते.

झाडूबद्दल लोकांचं एकमत नाही. काही घरात नवीन झाडू म्हणजे लक्ष्मी, पूजा करतात, काहींना कोणी झाडू भेट दिला तर अपमान वाटतो. सख्खी मैत्रीण असेल तरच द्या. सुरीचंही तसंच, धारदार वस्तू दिली की नातं तुटतं म्हणतात, त्यावर तोडगाही आपल्याकडे तयार असतो, समोरच्याकडून एक रुपया घ्यायचा, म्हणजे भेट नाही, विक्री झाली.

खायचं

खायची गोष्ट कधी चुकत नाही, पण पेढ्याचा बॉक्स नको. त्या आठवड्यात घरात पेढ्यांचे सात बॉक्स असतात, फ्रिज अजून लागलेला नसतो. शिफ्टिंगच्या दिवशी जाणार असाल तर गरम जेवण न्या, पिठलं-भाकरी, ठेचा, कांदा, किंवा नुसती साधी खिचडी आणि लोणचं, सोबत कागदी प्लेटा आणि पाण्याच्या बाटल्या. टेम्पोवाल्या पोरांनाही पुरेल एवढं. महानगर गॅसची पाइपलाइन असली तरी कनेक्शन चालू व्हायला, नावावर व्हायला वेळ जातो, सिलिंडरचं ट्रान्सफरही लगेच होत नाही, त्या मधल्या दिवसांत गरम काही मिळालं की माणूस आयुष्यभर आठवण काढतो. इंडक्शनची शेगडी तुमच्याकडे पडून असेल तर आठवडाभर उसनी द्या, हीसुद्धा भेटच आहे आणि शून्य रुपयांची.

शिफ्टिंग होऊन गेल्यावर जात असाल तर टिकणारं न्या. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, शेंगदाण्याची चटणी. मी लालबागची, त्यामुळे माझा हात आपोआप मसाला गल्लीकडे जातो. एप्रिल-मेमध्ये तिथे मिरच्यांचे ढीग आणि डंकांचा धडधडाट असतो, बाया वर्षाचा मसाला करून घ्यायला लांबून येतात, मी घरचा करताना अर्धा-पाऊण किलो जास्तच करते आणि लहान बरण्यांत भरून ठेवते. कोणाचं घर झालं की एक बरणी. त्यावर हिंगाचा खडा ठेवायचा, मसाला खराब होत नाही, आणि बरणीवर काय आहे ते आणि कोणत्या महिन्यातलं ते लिहायचं. बदलापूरवालीला हाच दिला, तिचा फोन आला की पहिल्यांदा त्या किचनला आपल्या घराचा वास आला. मला फार बरं वाटलं, खरं सांगते, फ्रेमच्या दहा पट.

ज्याला शकुनाचं आवडतं त्याच्यासाठी एक छोटी टोपली करता येते, तांदूळ, गूळ, हळद-कुंकू, मीठ, डाळ, नारळ. मीठ हातात द्यायचं नाही हे बऱ्याच घरांत पाळतात, टोपलीत ठेवून खाली ठेवली की वाद नाही. स्वतःचं घर असेल, वास्तुशांत असेल, सत्यनारायण असेल तर घरच्या बाईची ओटी भरायला खण-नारळ न्यावा, मोठ्या माणसांना तेच दिसतं. आणि भाड्याच्या घरात नुसतं दूध उतू घालणार असतील तर अर्धा लिटर दुधाची पिशवी आणि एक लहान पातेलं तुम्हीच घेऊन जा, कारण त्यांचं पातेलं कुठल्या खोक्यात आहे ते त्यांना माहीत नसतं. हे मी दोन वेळा पाहिलंय. एकदा दूध चहाच्या मगमध्ये उतू घातलं.

पूजेच्या दिवशीच जायचं असेल तर अजून एक स्वस्तातली गोष्ट आहे, पण त्याला पहाटे उठावं लागतं. दादरच्या स्टेशनजवळच्या फुलबाजारातून झेंडू आणि आंब्याचे टाळे घ्यायचे आणि तोरण स्वतः ओवून दाराला बांधायचं. उजाडायच्या आत गेलात तर भाव बरा मिळतो, दसऱ्याच्या आसपास मात्र विसरा. ते प्लास्टिकचं मोत्यांचं तोरण देऊ नका, ते पाच वर्षं दारावर काळं होत राहतं आणि काढवत नाही.

झाडं

झाड दिलं की मन प्रसन्न होतं म्हणतात, पण आधी बघा की त्या घरात ऊन येतं का. समोर सहा फुटांवर दुसऱ्या बिल्डिंगची भिंत असेल तर तुळस आणि गुलाब महिन्याभरात मान टाकतात आणि तुळस गेली की लोकांच्या मनाला लागतं. कमी उजेडात मनी प्लांट आणि स्नेक प्लांट तग धरतात. ग्रिलमध्ये ऊन येत असेल तर कढीपत्ता द्या, त्यासारखं कामाचं झाड नाही, फोडणीला दोन पानं तोडली की तुमची आठवण. कुंडी धारावीच्या कुंभारवाड्यातून घेतली तर स्वस्त मिळते, आणि माती-खत घरून भरून न्या, त्यांना पहिल्या आठवड्यात माती कुठे मिळते ते शोधायला लावू नका. कुंभारवाड्यात गेलातच तर उन्हाळ्यात नळाचा छोटा माठही बघा, फक्त ओट्यावर जागा आहे का ते आधी विचारा.

मनी प्लांट विकत घ्यायची गरजच नाही. आपल्या वेलाचा गाठ असलेला तुकडा कापायचा, पाण्यात ठेवायचा, दोन आठवड्यांत मुळं फुटतात. फक्त देताना बाटलीत पाणी घालून देऊ नका, मातीत लावून द्या. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, आणि आठवडाभरात त्या अंड्याचा डास होऊ शकतो, म्हणून पालिकेची माणसं पावसाळ्यात घरोघरी येऊन कुंड्यांखालच्या ताटल्या, मनी प्लांटच्या बाटल्या तपासतात. नवीन सोसायटीत पहिल्याच महिन्यात नोटीस आणि ती पण तुमच्या गिफ्टमुळे, नको. बाटलीतच द्यायचं असेल तर दर चार दिवसांनी पाणी बदलायचं असं बजावून द्या.

जुन्या घरातलं काहीतरी

आता हे माझं सगळ्यात आवडतं, आणि यात पैसे जवळजवळ लागतच नाहीत, फक्त शिफ्टिंगच्या आधी सुचलं पाहिजे.

आमचा तो बीडीडीवाला मित्र, त्याच्या खोलीच्या दारावर त्याच्या आजोबांच्या नावाची पितळेची पाटी होती, रंगाचे चार थर चढलेले, अक्षरं बुजलेली. तो सामानाच्या गडबडीत, पाटी तशीच राहणार होती. आमच्यातल्या एकाने स्क्रू ड्रायव्हरने ती काढली, घरी नेली, चिंच आणि मीठ लावून घासली, रंग निघायला दोन रविवार गेले, आणि नवीन घराच्या पूजेला पेपरात गुंडाळून त्याच्या आईच्या हातात दिली. आम्ही बाकीच्यांनी काँट्री काढून मिक्सर दिला होता. मिक्सरकडे कोणी बघितलं नाही.

पाटीच पाहिजे असं नाही. दाराची जुनी कडी चालते, नवीन घरात चाव्या टांगायला. दाराच्या चौकटीवर पोरांच्या उंचीच्या पेन्सिलच्या खुणा असतात ना, त्यावर एक लांब कागदाची पट्टी धरून जशाच्या तशा उतरवून घ्यायच्या, तारखांसकट, आणि गुंडाळी करून द्यायची. गॅलरीचा, जिन्याचा, खालच्या वाण्याच्या दुकानाचा फोटो काढून साध्या फोटो स्टुडिओत प्रिंट काढली तर किती खर्च येतो? पोस्टकार्डाएवढीच काढा, फ्रिजला लावता येते, भिंत लागत नाही (मी शिकलेय).

लांब गेलेल्या माणसाला जुन्या एरियातलं खाणं न्यायचं. त्याच्या कोपऱ्यावरच्या बेकरीची खारी, तोच फरसाण, त्याच गाडीवरचे वडे, थंड झाले तरी. आणि कोणी तुमच्याच एरियात राहायला येत असेल तर उलटं करा, एका कागदावर हाताने यादी लिहून द्या. पिठाची गिरणी कुठे आणि ती कुठल्या दिवशी बंद असते, दूधवाला, इस्त्रीवाला, रात्री उघडं असणारं मेडिकल, घरी येणारा डॉक्टर, प्लंबर जो खरंच येतो, ताजे मासे कुठे, रिक्षा सकाळी कुठल्या नाक्यावर मिळते, स्टेशनला जायची मधली वाट. नंबर देताना त्या लोकांना विचारून द्या. असा कागद मला कोणीतरी दिला असता तर भांडुपला आल्यावर पहिले दोन महिने मी चुकीच्या गिरणीत गेले नसते.

वेळ

पैसे अजिबात नसतील तर सुट्टी द्या. म्हणजे तुमची. नवीन घर म्हणजे गॅसवाला येणार, वायफायवाला येणार, सुतार येणार, आणि सगळे "दहा ते सहाच्या मध्ये कधीही" येणार, नवरा-बायको दोघं नोकरीला. तुम्ही वर्क फ्रॉम होम करत असाल तर लॅपटॉप घेऊन एक दिवस त्यांच्या घरी बसा आणि दार उघडा. किंवा शिफ्टिंगच्या दिवशी त्यांची पोरं तुमच्याकडे ठेवा, म्हातारे आईवडील असतील तर त्यांना दुपारी तुमच्याकडे आडवं होऊ द्या. मी मुलुंडला एकीकडे अशी बसले होते, सुतार सव्वापाचला आला.

ग्रुपने मिळून देत असाल तर एकानेच पैसे गोळा करायचे आणि एकानेच खरेदी करायची, नाहीतर दोन कुकर येतात. माणशी किती ते आधी ठरवा आणि ज्याची तंगी आहे त्याला चारचौघात विचारू नका, त्याला तोरण ओवायचं काम द्या. काहीच सुचत नसेल तर पाकीट द्या, 251, 501, वरचा एक रुपया विसरू नका, आणि पाकिटावर नाव लिहा, बिननावाच्या पाकिटांवरून नंतर घरात काय संशोधन चालतं ते मी ऐकलंय. पत्रिकेत किंवा मेसेजमध्ये "कृपया आहेर आणू नये" लिहिलं असेल तर खरंच नेऊ नका, खायचं न्या.

आणि खायचं नेताना डब्याचं बघा. स्टीलचा चांगला डबा नेलात की तो त्यांच्या डोक्याला ताप होतो, रिकामा परत कसा द्यायचा म्हणून त्या बिचाऱ्या अजून खोकी उघडताहेत आणि तुमच्या डब्यात घालायला लाडू करत बसतात. त्यामुळे श्रीखंडाचा, आइस्क्रीमचा धुतलेला डबा न्या आणि दारातच सांगा, हा परत नको. माझ्या चांगल्या डब्यांची चार झाकणं अजून मुलुंडलाच आहेत.